सध्या माहीत नाही

ओरॅकल डेटाबेसची जी पहिली आवृत्ती बाजारात आली तिचं नाव होतं आवृत्ती 2. साल 1979. आवृत्ती 1 विकायला आलीच नाही, कारण कोणाचीही पहिली आवृत्ती शहाणं गिऱ्हाईक घेत नाही, असा लॅरी एलिसन आणि मंडळींचा रास्त हिशेब होता. ज्यांनी मोजायला सुरुवातच दोनापासून केली त्यांच्या डेटाबेसचं प्रत्येक उत्तर दोनदा वाचावं, हे खरं म्हणजे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण आज हा डेटाबेस स्पार्कला जोडण्याच्या कामाला जुंपलेल्या पोरांचे आईबाप त्या वेळी पाढे पाठ करत होते.

स्पार्क, म्हणजे पुष्कळ यंत्रांवर वाटून डेटा हाताळणारं सॉफ्टवेअर, अगदी उलट्या स्वभावाचं. 2009 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मातेई झहारिया नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं, 2010 मध्ये सगळ्यांना फुकट वाटलं. 2014 मध्ये स्पार्कने 206 यंत्रांवर 100 टेराबाइट डेटा 23 मिनिटांत क्रमाने लावून दाखवला. आधीचा विक्रम हदूप नावाच्या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा होता, त्याला 2100 यंत्रं आणि 72 मिनिटं लागली होती. म्हणजे एक, ओरॅकल, ज्येष्ठ, तोलूनमापून बोलणारा आणि प्रत्येक सोयीचे वेगळे पैसे लावणारा. दुसरा तरुण, घाईतला, फुकट, आणि कधीही एकटा न येणारा. या दोघांची गाठ घालून देण्याचं काम पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कित्येक टेबलांवर रोज चालू असतं.

माझी खुर्ची अशाच एका ऑफिसात डेटा टीम आणि डेटाबेस सांभाळणारी डीबीए टीम यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आहे. मी दोघांतलाही नाही. एक्सेलच्या रकान्यात लाल, पिवळा किंवा हिरवा रंग भरणं हे माझं काम. त्यामुळे निरीक्षणाला भरपूर वेळ मिळतो.

मॅनेजमेंटच्या मते ही जोडणी म्हणजे एक ओळ. तसं पाहिलं तर ते खरंच आहे. स्पार्कला फक्त एक पत्ता सांगायचा: कुठलं यंत्र, कुठला पोर्ट, कुठला डेटाबेस. वर नाव आणि पासवर्ड. ही ओळ आमच्याकडे मेलवर पाठवायची नाही असा सिक्युरिटीचा नियम आहे, म्हणून ती फोनवरून सांगतात. फोनवरून सांगितलेली ओळ सगळ्या मजल्याला ऐकू जाते, त्याबद्दल नियम नाही.

आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, व्हाइस प्रेसिडेंटलासुद्धा. डीबीएंना मात्र सगळे ‘सर’ म्हणतात. अमेरिकेतला क्लायंटही म्हणतो.

“लिही,” सर डेटा टीममधल्या एका पोराला सांगत होते. “जेडीबीसी, कॉलन, ओरॅकल, कॉलन, थिन, कॉलन, ॲट. मग होस्टचं नाव. कॉलन. पंधराशे एकवीस.”

“हो सर. पुढे कॉलन की स्लॅश?”

इथे सर जरा थांबले. “दोन्ही चालतं,” ते म्हणाले. “पण तू कुठे पोचशील ते वेगळं.”

हे वाक्य त्या पोराने वहीत लिहून ठेवायला हवं होतं. त्याऐवजी त्याने विकीवरून जुनी ओळ उचलली, तिच्यात कॉलन होता, आणि पुढचा आठवडा त्या दोन टिंबांनी खाल्ला.

त्याचं असं आहे. 2013 पर्यंत ओरॅकलचा कारभार सोपा होता. एक डेटाबेस म्हणजे एक स्वतंत्र बंगला. त्याला एसआयडी नावाची खूण, ती कॉलननंतर सांगायची की थेट दारात. मग 12सी ही आवृत्ती आली. त्यातला सी क्लाउडचा. या आवृत्तीने बंगले पाडून सोसायटी बांधली. बाहेरून एकच इमारत, तिचं नाव कंटेनर डेटाबेस, अर्थात सीडीबी. आत फ्लॅट, त्यांचं नाव प्लगेबल डेटाबेस, अर्थात पीडीबी. पाण्याची टाकी एक, लिफ्ट एक, म्हणजे मेमरी सामाईक, मागे राबणाऱ्या प्रोसेस सामाईक, रीडू लॉगही सामाईक. दारं, कुलपं आणि भांडणं मात्र ज्याची त्याची. सुरुवातीला एका इमारतीत 252 फ्लॅट काढता यायचे, 12.2 आवृत्तीपासून 4096. एक सॅम्पल फ्लॅटही असतो, पीडीबी डॉलर सीड. त्यात कोणी राहत नाही, भिंतीला खिळा मारायचीही परवानगी नाही. नवा फ्लॅट हवा असला की त्याची नक्कल काढतात. तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस, सीडीबी डॉलर रूट. त्या कमिटीवर यायचं असेल तर नावाआधी सी हॅश हॅश लावावं लागतं. आडनाव कितीही मोठं असलं तरी सूट नाही. न लावता रूटमध्ये युजर तयार करायला गेलात तर ओआरए 65096 हा नकार मिळतो.

हा नकार फार लोकप्रिय आहे, आणि त्यावरचा एक उपाय नकाराहूनही लोकप्रिय. अंडरस्कोअर ओरॅकल स्क्रिप्ट नावाचा एक आतल्या गोटातला पॅरामीटर आहे. तो चालू केला की कमिटीला वाटतं, कंपनीचाच माणूस आलाय, आणि हॅश हॅशशिवाय आत घेतात. इंटरनेटवर हा उपाय सुचवणाऱ्याला लोक मनापासून धन्यवाद देतात. आमच्या पोराने तो सरांसमोर उच्चारला. सर एरवी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी त्यांनी डबा अर्धवट ठेवला.

आता कॉलनचं. सोसायटी झाल्यावर एसआयडी उरला तो सगळ्या इमारतीचा. फ्लॅटला स्वतःची सर्व्हिस असते आणि ती स्लॅशनंतर सांगायची असते. कॉलन लावून गेलेला माणूस सरळ ऑफिसात जाऊन उभा राहतो. आमच्या पोराचा युजर राहायला फ्लॅटमध्ये, ऑफिसच्या यादीत त्याचं नाव असण्याचं कारणच नव्हतं. उत्तर आलं ओआरए 01017: नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे, प्रवेश नाही. पोराने पासवर्ड बदलून घेतला. पुन्हा तेच. त्याने पुन्हा बदलून घेतला. सरांनी स्वतःच्या यंत्रावरून लॉगिन करून दाखवलं, झालं. पोराच्या यंत्रावरून होईना. मग पासवर्डमधल्या डॉलरच्या चिन्हावर संशय गेला, मग कीबोर्डवर, मग घरून काम करण्यावर. पासवर्ड बिचारा पहिल्यापासून बरोबर होता. सर स्लॅश वापरत होते, हे दोघांपैकी एकालाही सांगण्यासारखं वाटलं नाही.

पासवर्डांच्या बाबतीत हे घराणं पूर्वी फार मोकळं होतं. ब्रूस स्कॉट हे कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या नोकरदारांपैकी एक. त्यांच्या नावाचा एक नमुना युजर डेटाबेससोबतच यायचा, आणि त्याचा पासवर्ड टायगर, म्हणजे त्यांच्या घरच्या मांजराचं नाव. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी एसक्यूएलचे धडे या मांजराच्या नावावर गिरवले. आता आपणहून काही बदललं नाही तर 180 दिवसांनी पासवर्डची मुदत संपते आणि दहा वेळा चुकला की खातं बंद. माणूस तीनदा चुकला की चहाला जातो. दर पाच मिनिटांनी चालणारा जॉब चहाला जात नाही. मुदत संपलेला पासवर्ड सरांनी रात्री बदलून दिला, जॉबला कोणी कळवलं नाही, आणि तासाभरात त्याने दहा चुका इमानेइतबारे पूर्ण करून दाखवल्या. त्याच खात्यावर आणखी चार टीमचे जॉब चालत होते. ते सकाळी कळलं.

कॉलन गेला, स्लॅश आला, पण सर्व्हिसचं नाव चुकलं. मग दारावरचा लिसनर बोलला. पोर्ट 1521 वर बसून येणाऱ्याला ‘कोणाकडे जायचंय’ हे विचारणं एवढंच त्याचं काम. म्हणजे वॉचमनच. नाव ओळखीचं नसेल तर तो ओआरए 12514 देतो, जुन्या पद्धतीने अनोळखी एसआयडी सांगितला तर ओआरए 12505. दोन्हींचा मजकूर जवळजवळ सारखा: तुम्ही सांगितलेली सर्व्हिस, किंवा एसआयडी, लिसनरला सध्या माहीत नाही.

यातल्या ‘सध्या’चा मी चाहता आहे. असं कोणी इथे राहत नाही, असं तो म्हणत नाही. कधी राहतच नव्हतं, असंही नाही. पुढेमागे राहायला येणारच नाही, अशी खात्रीही देत नाही. डेटाबेस चालू झाला की आपल्या सर्व्हिसची नावं लिसनरला कळवतो, तोपर्यंत लिसनरला खरोखरच माहीत नसतं, म्हणून तो शब्द तिथे आहे. तांत्रिकदृष्ट्या तो निर्दोष आहे. उपयोग मात्र शून्य.

हे या सगळ्या संदेशांचं वैशिष्ट्य आहे, आणि माझं म्हणणं काय असेल तर ते हेच: या जोडणीत खोटं कोणीच बोलत नाही. ओरॅकल बोलत नाही, स्पार्क बोलत नाही, सर बोलत नाहीत, पोरगाही नाही. प्रत्येक जण विचारलं तेवढंच आणि अक्षरशः खरं सांगतो. त्यामुळेच कोणालाही काही कळत नाही.

ओआरए 00942 घ्या. टेबल किंवा व्ह्यू अस्तित्वात नाही. पोरगा म्हणाला, “सर, टेबल उडालं.” सर म्हणाले, “टेबल आहे.” पोरगा म्हणाला, “डेटाबेस स्वतः म्हणतोय नाही म्हणून.” सर म्हणाले, “तुझ्यासाठी नाही.” त्याला ते टेबल वाचायची परवानगी दिलेली नव्हती, आणि परवानगी नसणाऱ्याला टेबल आहे हेसुद्धा कळू द्यायचं नाही अशी रीत आहे. ‘आहे, पण तुला दाखवणार नाही’ म्हटलं की चोराला अर्धी बातमी मिळते. हे मला पटलं. त्या टेबलाचं नाव पगार_2019 होतं, आणि ते आहे हे आता सगळ्या मजल्याला माहीत झालं होतं, ही गोष्ट वेगळी.

परवानगीचं तिकीट टाकलं, ते मंजूर झालं, आणि एका दुपारी पोराने मेल पाठवला: जोडणी यशस्वी. क्लायंटला सीसी. मी एक्सेलमध्ये हिरवा रंग भरला.

इथे स्पार्कचा स्वभाव आडवा आला. स्पार्कला ‘हे टेबल वाच’ म्हटलं की ते ‘वाचलं’ म्हणतं आणि वाचत नाही. एखाद्याला शेवटचं उत्तर खरोखर हवं आहे हे दिसेपर्यंत ते कामाला हातच लावत नाही, नुसत्या योजना आखतं. याला लेझी इव्हॅल्युएशन म्हणतात आणि हा गुण मानला जातो. विनाकारण काम टळतं म्हणून तो आहेही. टेबलाचे रकाने कोणते एवढंच ते आधी विचारून घेतं, आणि विचारण्याची पद्धत अशी: या टेबलातल्या, जिथे एक बरोबर शून्य आहे, अशा सगळ्या ओळी दे. अशी ओळ कुठेच नसते. ओरॅकल रिकामं ताट पाठवतं, स्पार्क ताटाचे कप्पे मोजून घेतं. ऑडिटच्या नोंदीत सरांना ही क्वेरी दिसली तेव्हा ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “एक बरोबर शून्य कोणी विचारलं?” कोणीच हात वर केला नाही. खरंच कोणी विचारलं नव्हतं.

तर यशस्वी झालं होतं ते एवढंच. रात्री जॉबने खरी मागणी केली आणि चाळीस यंत्रं कामाला उठली. त्यांच्यातल्या एकालाही ओरॅकलशी बोलायची जार फाइल दिलेली नव्हती. स्पार्कमध्ये जो सूत्रधार प्रोग्रॅम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि डेटाबेसशी बोलायला जे लागतं त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. ड्रायव्हरकडे ड्रायव्हर होता, राबणाऱ्या यंत्रांकडे नव्हता. रात्री अकराच्या कॉलवर हे वाक्य क्लायंटला इंग्रजीत समजावून सांगताना मी ऐकलं आहे. खाली आमचा कॅबचा ड्रायव्हर तासभर उभा होता, तोही संभाषणात मधूनमधून येत होता.

जार वाटली. मग फायरवॉल. सरांनी परवानगी मागितली होती ती सूत्रधार यंत्रापुरती, कारण फॉर्मवर आयपी ॲड्रेस लिहायला जागा एकच होती. बाकीची यंत्रं क्लाउडमधली, संध्याकाळी जन्मतात, काम झालं की मरतात, दुसऱ्या दिवशी नव्या पत्त्यावर नवी. त्यांचे पत्ते आधी लिहून द्या, असं नेटवर्क टीमचं म्हणणं. शेवटी सगळी आळीच मोकळी करून दिली, त्यासाठी तीन मॅनेजरांच्या सह्या लागल्या. त्यातले एक पॅटर्निटी लीव्हवर होते. हा भाग लांबवण्यात अर्थ नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे.

मधेच एका जुन्या डेटाबेसने ओआरए 01882 दिला: टाइम झोनचा हा प्रदेश सापडत नाही. भारतातल्या कोणत्याही यंत्राला तुझी वेळ कुठली असं विचारलं की ते कोलकात्याचं नाव सांगतं. जगभरच्या संगणकांच्या यादीत आपली साडेपाच तासांची वेळ त्याच शहराच्या नावावर आहे. मुंबईकरांनी याविरुद्ध अजून मोर्चा काढलेला नाही, हे त्यांना माहीत नसल्यामुळेच. कलकत्त्याचं कोलकाता 2001 मध्ये झालं, पण एखाद्या जुन्या डेटाबेसच्या यादीत अजून कलकत्ताच असतं. त्याने पाहुण्याला दारातूनच परत लावलं. मग पाहुण्याने शहराचं नाव न घेता नुसतं ‘अधिक साडेपाच’ म्हणायचं, असं एक सेटिंग आहे. ते लावलं. कोलकात्याचा प्रश्न पुण्यात सुटला.

आणि एके रात्री डेटा खरोखर यायला लागला. हळू. इतका हळू की पोरगा लॉग बघत बसला तर लॉगही थांबून थांबून येत होता. दोन कारणं होती. एक तर ओरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर, काही सांगितलं नाही तर, एका खेपेला दहा ओळी आणतो. टेबलात तीन कोटी ओळी. म्हणजे तीस लाख खेपा. दुसरं, स्पार्कला काम कसं वाटायचं ते सांगितलं नाही तर ते सगळं टेबल एकाच जोडणीतून, एकाच यंत्राकडून वाचवतं. चाळीस यंत्रांचं भाडं चालू होतं, एक यंत्र राबत होतं आणि एकोणचाळीस त्याच्याकडे बघत होती. या दृश्याला मी तेवढा दचकलो नाही. आमच्या मजल्यावरची वाटणी फारशी वेगळी नाही.

यावर उपाय आहेत. खेपेला दहाऐवजी काही हजार ओळी आणायला सांगता येतं. आणि एखादा आकड्याचा किंवा तारखेचा रकाना धरून कामाचे तुकडे पाडता येतात: खालची मर्यादा अमुक, वरची तमुक, तुकडे इतके. पोराने खाली 1 लिहिलं, वर 1000 लिहिलं. त्याला वाटलं, चाचणीपुरत्या हजारच ओळी येतील. या मर्यादा ओळी गाळत नाहीत. तुकड्यांची रुंदी ठरवण्यापुरत्याच त्या वापरतात, मर्यादेबाहेरचं सगळं पहिल्या नाहीतर शेवटच्या तुकड्याच्या गळ्यात. दोनशे तुकड्यांपैकी 199 डोळ्याचं पातं लवायच्या आत झाले. दोनशेव्याच्या वाट्याला जवळजवळ तीन कोटी ओळी आल्या. स्पार्कवर काम केलेल्या कोणालाही विचारा, 199/200 हा आकडा ऐकून त्याच्या कपाळावर आठी पडते. प्रगतीची पट्टी शेवटाला जाऊन टेकलेली असते आणि तिथे ती रात्रभर टेकून राहते. एक्सेलमध्ये मी 99.5 टक्के लिहिलं. तेही खरंच होतं.

शेवटी पोराने मर्यादा नीट लिहिल्या. तुकडे दोनशेच ठेवले. क्लस्टरही वाढवून घेतला, दोनशेच्या दोनशे तुकडे एकदम चालतील एवढा. आणि ती रात्र महिन्याअखेरची होती.

इथपर्यंत ऑफिसातलं जनमत स्पार्कच्या बाजूने होतं. तरुण रक्त, धडाडी, आणि समोर अडवणूक करणारा डीबीए, असं सरळ चित्र. पण सोसायटीत शेजारी असतात. आमच्या सीडीबीत नऊ फ्लॅट होते, आणि आम्ही वाचत होतो त्या विक्रीच्या आकड्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये पेरोल राहत होतं. दोनशे जोडण्या एकदम आत शिरल्या. सबंध इमारतीत मिळून किती प्रोसेस चालू शकतात याला एक मर्यादा असते, आणि ती मर्यादा फ्लॅट बघत नाही. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला ओआरए 00020 मिळू लागला: प्रोसेसची कमाल संख्या ओलांडली. पेरोलच्या मॅडमना मिळाला. काय चाललंय ते बघायला गेलेल्या सरांनाही मिळाला. कमिटीचे अध्यक्ष सोसायटीच्या दाराबाहेर उभे होते आणि आत दोनशे पाहुणे एका फ्लॅटमधलं सामान मोजत होते.

पगार दुसऱ्या दिवशी दुपारी झाला. सकाळी झाला नाही. तेवढ्या काही तासांत जनमत जे फिरलं ते पुन्हा जागेवर आलं नाही. ज्यांना परवापर्यंत सर आडमुठे वाटत होते ते आता पँट्रीत म्हणत होते, “अहो, असल्या गोष्टींना परवानगी देतातच कशी?”

माझंही मत सरांच्याच बाजूने आहे, पण पगारामुळे नाही. स्पार्क ज्या जगात वाढलं तिथे सगळी यंत्रं त्याचीच असतात. कमी पडली तर आणखी मागवायची, तुकडे वाढवायचे, एखादं यंत्र मेलं तर ते काम दुसऱ्याला द्यायचं. त्या जगात शेजारी नावाची गोष्ट नाही. ओरॅकलच्या या रचनेत शेजारी हाच मुख्य मुद्दा आहे. नऊ जणांना एका छताखाली ठेवून खर्च वाचवायचा म्हणजे नऊ जणांत एकाला हावरटपणा करू न देणं आलंच. त्यासाठी रिसोर्स मॅनेजर नावाची सोय आहे, कुठल्या फ्लॅटला सीपीयूचा किती वाटा, कमाल किती, ते लिहून ठेवता येतं. सरांनी ते लिहून ठेवलेलं होतं. प्रोसेसची संख्या त्यात येत नाही, आणि स्पार्क नेमकं तिथून आत आलं.

मग तह झाला. तो मीटिंग रूममध्ये झाला आणि मी मिनिट्स लिहिले. एका वेळी आठ जोडण्या, जास्त नाही. रात्री एक ते चार. महिन्याचे शेवटचे तीन दिवस बंद. पोराने विचारलं, “सर, सोळा?” सर म्हणाले, “आठ.” पोराने विचारलं, “बारा?” सर म्हणाले, “अरे बाळा, भाजी नाही घेत आपण.” आठ ठरल्या. एका खेपेला पाच हजार ओळी. आणि चमत्कार असा की आठ जोडण्यांत, पाच हजारांच्या खेपांनी, सगळं टेबल ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी यायला लागलं. दोनशेची गरज कधी नव्हतीच. हे दोन्ही टीमना कळलं आणि दोन्ही टीमनी त्याबद्दल मौन पाळलं.

आलेल्या डेटात ग्राहक क्रमांक 1024 हा 1024.0000000000 असा दिसत होता, कारण ओरॅकलमध्ये नुसतं ‘नंबर’ म्हणून सोडलेल्या रकान्याला स्पार्क दशांशचिन्हानंतर दहा घरं देऊन टाकतं. रिपोर्टिंगच्या टीमला वाटलं आम्ही अचूकता वाढवली. त्यांनी कौतुकाचा मेल पाठवला. आम्ही आभार मानले.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं, एक सोमवार सोडता. रविवारी पॅचिंग झालं होतं. सकाळी सर्व्हर चालू, लिसनर चालू, डॅशबोर्ड हिरवा, आणि जोडणी मात्र होईना. ओआरए 01033: ओरॅकल सुरू होत आहे किंवा बंद होत आहे. यातलं नक्की काय, ते सांगत नाही. प्रत्यक्षात तो पीडीबी यातलं काहीच करत नव्हता. इमारत चालू झाली की फ्लॅटची दारं आपोआप उघडतात असं नाही, उघडी ठेवायची होती हे आधी जतन करून ठेवावं लागतं, आणि ती सोयही 12.1.0.2 पासूनची. तोपर्यंत फ्लॅट नुसता जागा होऊन बसलेला असतो. सरांनी एक ओळ लिहिली, दार उघडलं.

परवा पुन्हा जोडणी तुटली. लिसनर म्हणाला, सध्या माहीत नाही. पोराने या खेपेला कॉलन पाहिला, स्लॅश पाहिला, सर्व्हिसचं नाव अक्षर अक्षर लावून पाहिलं, पासवर्डला हात लावला नाही. आता तो पुष्कळ तयार झालाय. मग तो सरांकडे गेला.

“तो पीडीबी ना?” सर म्हणाले. “तो शनिवारी हलवला. इथून अनप्लग केला, दुसऱ्या सीडीबीत प्लग केला. प्लगेबल म्हणतात ते उगीच नाही. एक एक्सएमएल फाइल निघते, ती तिकडे दाखवली की सामानासकट फ्लॅट दुसऱ्या इमारतीत.”

“पण सर, आम्हाला कळवलं नाही कोणी.”

“मेल गेला होता की सगळ्या टेनंट्सना.”

“आम्हाला नाही आला.”

“तुम्ही टेनंट नाही,” सर शांतपणे म्हणाले. “रजिस्टरमध्ये तुमची नोंद व्हिजिटर म्हणून आहे. रोज रात्री एक ते चार. पण मेलच्या यादीत नाव घालता येतं, पोर्टलवर फॉर्म आहे.”

पोराने तिथेच उभं राहून फोनवर फॉर्म उघडला. नाव, एम्प्लॉयी कोड, मॅनेजरची मंजुरी, कारण. शेवटचा रकाना लाल चांदणीचा, भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही: आपण जोडलेल्या पीडीबीचा सध्याचा होस्ट आणि सर्व्हिस.